पायाचा पेशंट समोर आला की काय बघायचं, काय निवडायचं आणि स्क्रूला हात कधी लावायचा

प्रोस्थेटिक्स-ऑर्थोटिक्स (कृत्रिम अवयव आणि आधाराची साधनं) शिकणाऱ्या किंवा नुकतंच काम सुरू केलेल्या मुलामुलींसाठी हे लिहितेय, फिजिओवाल्यांनाही उपयोग होईल. फक्त कृत्रिम पायाचं लिहितेय, त्यातही गुडघ्याखालचं ॲम्प्युटेशन (पाय कापलेला) म्हणजे आपण ज्याला बीके म्हणतो ते, आणि गुडघ्यावरचं म्हणजे एके, कारण ओपीडीत जास्त करून हेच दोन येतात.

नवीन मुलांचा हात सगळ्यात आधी एलन कीकडे (स्क्रू फिरवायची षटकोनी चावी) जातो. पेशंट चार पावलं वाकडा चालला की लगेच फिरव स्क्रू. पण अलाइनमेंट, म्हणजे पायाच्या सगळ्या भागांची एकमेकांशी जुळणी, स्क्रूपासून सुरू होतच नाही, ती पेशंट दारातून आत येतो तिथून सुरू होते. हा माणूस कुठे राहतो, कशावर बसतो, पायात काय घालतो, दुसरा पाय कसा आहे हे माहीत नसेल तर पाय कितीही भारी बसवा, तो घरी जाऊन कोपऱ्यात उभा राहणार. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी माणूस, मग स्टंप (कापल्यावर उरलेला पाय), मग सॉकेट (स्टंप ज्यात बसतो तो कप) आणि पार्ट, आणि सगळ्यात शेवटी स्क्रू.

माणूस बघा

फाइलमध्ये "डावा बीके, वय ५८, डायबेटिक" एवढंच लिहिलेलं असतं. यातून काहीच कळत नाही. पाय का गेला हे नीट विचारा. लोकल ट्रेनच्या अपघातात पाय गेलेला पंचविशीतला मुलगा आणि शुगरमुळे गँगरीन होऊन पाय गेलेले आजोबा, दोघांचा स्टंप मोजपट्टीवर सारखाच भरेल पण दोघांसाठी पाय वेगळा लागतो. चालायला लागणारी ताकदच वेगळी असते ना. ढोबळ आकडे लक्षात ठेवा: अपघाताच्या बीके पेशंटला चालताना नेहमीपेक्षा साधारण २५ टक्के जास्त एनर्जी लागते, रक्तवाहिन्यांच्या आजाराने बीके झालेल्याला ४० टक्क्यांच्या आसपास, अपघाताच्या एकेला ६५-७० टक्के आणि रक्तवाहिन्यांच्या आजाराच्या एकेला जवळजवळ दुप्पट. म्हणजे हृदयाचं पंपिंग कमी असलेल्या एके आजींना आपण "रोज एक किलोमीटर चाला" म्हणतो तेव्हा आपण नक्की काय मागतोय ते बघा. छातीत दुखतं का, जिना चढताना धाप लागते का, बायपास-अँजिओप्लास्टी झालीय का हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मग दुसरा पाय, म्हणजे जो शाबूत आहे तो. शुगरच्या पेशंटमध्ये हा पाय स्टंपइतकाच वेळ घेऊन बघायचा. चप्पल-मोजे काढायला लावा, तळवा बघा, बोटांच्या मधे बघा, १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (नायलॉनचा बारीक तंतू) संवेदना तपासा, पायाच्या पाठीवरची नाडी लागते का बघा. आता सगळा भार या एका पायावर आहे आणि त्यालाही तोच आजार आहे. साधी भेग, छोटा फोड दिसला तरी त्याच दिवशी सर्जन किंवा डायबेटिक फूटच्या डॉक्टरांकडे पाठवा, कृत्रिम पायाची घाई नंतर.

हात आणि डोळे बघायला बहुतेकजण विसरतात. लायनर (स्टंपवरचं मऊ आवरण) गुंडाळत वर चढवायचा तर बोटांत जोर लागतो, पट्टा अडकवायचा तर नजर लागते. मोतीबिंदू आहे, हाताला बधिरपणा आहे, घरी दिवसभर कोणी नाही, अशा मावशींना जे स्वतःचं स्वतः घालता येईल तेच द्यायचं.

आणि घर. मी सरळ विचारते, "काका, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय करता ते सांगा." त्यात सगळं येतं. संडास उकिडवं बसायचा आहे की कमोड, जेवायला खाली बसतात की टेबलावर, उंबरा किती उंच, देवघरात अनवाणी जायचंय का, शेतात बांधावरून चालायचंय का, एसटीची पहिली पायरी चढायचीय का. ही उत्तरं जशीच्या तशी फाइलमध्ये लिहा. पुढे पार्ट निवडताना ह्याच ओळी कामाला येतात.

आता के-लेव्हल. के-० ते के-४ अशा पाच पातळ्या आहेत, अमेरिकेतल्या मेडिकेअरने विम्याच्या हिशेबासाठी आणल्या आणि जगभर वापरात आल्या. के-० म्हणजे पायाने फायदा होणार नाही असा पेशंट, के-१ घरातल्या घरात सपाट जागी एकाच वेगाने चालणारा, के-२ बाहेर थोडंफार फिरणारा, छोटी पायरी-उंबरा पार करणारा, के-३ वेग कमीजास्त करत कुठेही चालू शकणारा, आणि के-४ म्हणजे खेळाडू, लहान मुलं, अंगमेहनतीचं काम करणारे. पेशंटला नुसतं बघून आकडा टाकू नका. रॉबर्ट गेली आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये मांडलेली ॲम्प्युटी मोबिलिटी प्रेडिक्टर नावाची टेस्ट आहे, ती कृत्रिम पाय घातलेला नसतानाही घेता येते. बसल्या जागी तोल, खुर्चीतून खुर्चीत जाणं, एका पायावर उभं राहणं अशा गोष्टी असतात, पायाशिवाय घेतली तर ४३ पैकी आणि पाय घालून घेतली तर ४७ पैकी मार्क. त्यातलं एका पायावर उभं राहणं नीट बघा, जो शाबूत पायावर थोडा वेळ उभा राहू शकतो त्याच्याकडून बरीच आशा ठेवता येते. अजून एक, पेशंट तीन-चार महिने खाटेवर पडून आलेला असतो, आजचा अशक्तपणा बघून त्याला कायमचं के-१ करून टाकू नका. पाय जायच्या आधी तो काय करत होता तेही धरा.

स्टंप: आधी डोळ्यांनी, मग हाताने, मग टेपने

आधी नुसतं बघा. आकार कसा आहे? सिलिंडरसारखा असेल तर छान, खाली फुगीर असेल तर अजून सूज आहे किंवा बँडेज चुकीचं बांधलं जातंय, फारच निमुळता असेल तर आतलं हाड खाली टोचणार. टाके कुठे आहेत, कातडीचा रंग काय, ओलसर जागा आहे का.

मग हात लावा. टाक्यांची रेघ बोटाने हलवून बघा, खालच्या हाडाला चिकटलेली असेल तर सॉकेटमधे तिथेच ओढ बसून कातडी फाटते. बोटाने हलकं टिचकी मारत जा, एका ठिकाणी करंट लागल्यासारखी कळ खालपर्यंत गेली तर तिथे न्यूरोमा (कापलेल्या नसेच्या टोकाची गाठ) असण्याची शक्यता, ती जागा मार्क करून ठेवा. गेलेल्या पायाची बोटं दुखतात, खाजतात असं पेशंट सांगतो, कित्येकदा तो हे सांगायलाच घाबरतो की लोक वेडा समजतील. त्याला स्पष्ट सांगा की हे खरंच होतं, बऱ्याच जणांना होतं आणि यावर औषध-उपचार आहेत. हे ऐकून कित्येकांचा जीव भांड्यात पडतो.

लांबी: बीकेमध्ये गुडघ्याच्या सांध्यापासून १२ ते १५ सेंटिमीटर मिळाली तर काम सोपं जातं. ५ सेंटिमीटरच्या आसपास असेल तर सॉकेट धरून ठेवायला जागाच नसते, सस्पेन्शनचा (पाय स्टंपवर धरून ठेवण्याच्या सोयीचा) वेगळा विचार करावा लागतो. एकेमध्ये उलटी अडचण पण येते, स्टंप फार लांब असेल तर खाली नी जॉइंट (कृत्रिम गुडघा) बसवायला जागा उरत नाही आणि मग बसल्यावर तो गुडघा दुसऱ्यापेक्षा पुढे येतो.

कॉन्ट्रॅक्चर, म्हणजे सांधा आखडून वाकलेलाच राहणं, हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात टाळता येण्यासारखा प्रॉब्लेम. घरचे प्रेमाने स्टंपखाली उशी देतात, पेशंट दिवसभर व्हीलचेअरवर किंवा खाटेच्या कडेला गुडघा वाकवून बसतो, आणि दोन महिन्यांत गुडघा सरळ होईनासा होतो. बीकेत गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजायचं साधन) गुडघा मोजा, एकेत थॉमस टेस्ट (पाठीवर झोपवून, दुसरा पाय पोटाशी घेऊन) करून हिप, म्हणजे खुब्याचा सांधा, मोजा. दहा-पंधरा अंश असेल तर सॉकेटच्या कोनात सांभाळून घेता येतं, गुडघा २०-२५ अंशांच्या पुढे अडकला की नेहमीचा सॉकेट देऊन चालवणं फार अवघड जातं, आधी फिजिओ. घरच्यांना पहिल्या दिवसापासून सांगा: उशी काढा, दिवसातून दोन-तीनदा १५-२० मिनिटं पालथं झोपवा.

ताकद बघताना एकेमध्ये हिप ॲबडक्टर (पाय बाहेर नेणारे स्नायू) आणि एक्स्टेन्सर (पाय मागे नेणारे) खास तपासा. एके पेशंट पाय टेकवताना गुडघा हिपच्या मागच्या स्नायूंनी सांभाळतो, ते कमजोर असतील तर पुढे तुमचा नी जॉइंट कितीही चांगला असू दे.

घेर दर ५ सेंटिमीटरवर मोजा आणि वहीत तारखेसकट लिहा. पुढच्या आठवड्यात त्याच जागी परत मोजा. आकडे कमी होत चालले असतील तर कास्ट (सॉकेटसाठी स्टंपचा प्लास्टरचा साचा) घ्यायची घाई करू नका, नाहीतर सॉकेट तयार होईपर्यंतच ढिला होतो. जखम भरून सहा-आठ आठवडे झाले की बहुतेक स्टंप तयारीला येतात, शुगरवाल्यांना जास्त वेळ लागतो. तोवर बँडेज. बँडेज आठच्या आकड्यात, खाली घट्ट आणि वर जाता जाता सैल, बीकेला गुडघ्याच्या वरपर्यंत आणि एकेला कमरेवरून फिरवून. गोल गोल गुंडाळलं की मधे आवळून खाली सूज येते. दर चार-सहा तासांनी सोडून परत बांधायचं, आणि हे घरच्या माणसाकडून तुमच्यासमोर एकदा बांधून घ्या, नुसतं दाखवून सोडू नका.

निवड

पेशंट गुगल करून आलेला असतो, कार्बनचा पाय हवा म्हणतो. बजेट, वजन, काम, घर हे सगळं समोर ठेवून बोला.

बीके सॉकेटमध्ये जुना आणि अजूनही भरपूर वापरला जाणारा प्रकार पीटीबी (पॅटेलर टेंडन बेअरिंग), गुडघ्याच्या वाटीखालच्या टेंडनवर, आतल्या बाजूच्या टिबिअल फ्लेअरवर (नडगीच्या हाडाचा, म्हणजे टिबियाचा, वरचा पसरट भाग) जास्त भार द्यायचा आणि फिब्युलाचं (बाहेरच्या बारीक हाडाचं) डोकं, नडगीची धार, टिबियाचं खालचं टोक यांना मोकळीक द्यायची. दुसरा प्रकार टीएसबी (टोटल सरफेस बेअरिंग), सिलिकॉन किंवा जेल लायनरसकट, सगळीकडे सारखा दाब. टीएसबी आरामदायक वाटतो हे खरं, पण लायनर रोज धुवावा लागतो, घाम फार येतो, कोकणात पावसाळ्यात तो वाळवायचा प्रश्न असतो, आणि झिजला की नवीन घ्यावा लागतो. दर वेळी शहरात येऊन लायनर बदलणं ज्याला परवडणार नाही त्याला साधा पीटीबी, आत पेलाइटचं (मऊ फोमचं) अस्तर, सुती किंवा लोकरी मोजे आणि कफ स्ट्रॅप (गुडघ्याच्या वर बांधायचा पट्टा) जास्त वर्षं साथ देतो. स्टंपचा घेर दिवसभरात खूप बदलत असेल, उदाहरणार्थ डायलिसिसचा पेशंट, तर मोज्यांनी कमीजास्त करता येईल असंच काहीतरी द्या.

एकेत क्वाड्रिलॅटरल आणि इश्चिअल कंटेनमेंट. क्वाडमध्ये बसायचं हाड मागच्या कडेवर टेकतं, पुढून-मागून अरुंद असतो. कंटेनमेंटमध्ये ते हाड सॉकेटच्या आत घेतलेलं असतं, बाजूंनी अरुंद असतो, त्यामुळे मांडीचं हाड आतल्या बाजूला धरलं जातं आणि पेशंट कमी झुकतो. छोटा स्टंप आणि जास्त चालणारा माणूस असेल तर मी कंटेनमेंटकडे झुकते.

नी जॉइंट: वयस्कर, घाबरणारे, घरात चालणारे यांना मॅन्युअल लॉक, चालताना लॉक आणि बसताना खटका ओढायचा. फोर-बार हा मधला चांगला पर्याय, टेकवताना स्थिर आणि उचलताना थोडा आखूड होतो त्यामुळे बोट अडकत नाही. लांब स्टंपलाही बसल्यावर बरा दिसतो. वेग बदलत चालणाऱ्याला हायड्रॉलिक. मायक्रोप्रोसेसर नी १९९० च्या दशकात आले, सी-लेग १९९७ चा, घसरताना-अडखळताना सांभाळतात, पण चार्जिंग, सर्व्हिसिंग आणि किंमत याची पेशंटला आधीच पूर्ण कल्पना द्या. मांडी घालून बसायचं असेल तर सॉकेटखाली टर्नटेबल मिळतं, बटण दाबून खालचा पाय फिरवता येतो. आपल्याकडच्या एके पेशंटला याची माहिती द्यायलाच हवी, भजनाला, पंगतीला खाली बसता येणं ही त्याच्यासाठी मोठी गोष्ट असते.

फूट: साच फूट साधा, स्वस्त, टाच मऊ आणि घोटा घट्ट. कार्बन फूट वजन आणि हालचालीप्रमाणे कॅटेगरी बघूनच घ्यायचा, जड माणसाला हलकी कॅटेगरी दिली तर तुटतो आणि हलक्या माणसाला कडक दिली तर तो वाकतच नाही. आणि जयपूर फूट. १९६८ मध्ये जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो घडवला, १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समितीने देशभर पोचवला. रबराचा, आत लांब कडक कील (मधला कणा) नाही म्हणून सगळ्या बाजूंनी वाकतो, अनवाणी चालता येतं, उकिडवं बसता येतं, चिखलात घालता येतो. शेतकऱ्याला, मासे विकणाऱ्या ताईंना याला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. पण त्याचा नेहमीचा पाय एचडीपीई पाइप तापवून मोल्डवर ओढून बनवतात, त्यात पिरॅमिड (स्क्रूने कोन बदलता येणारा जोड) नसतो, म्हणजे नंतर फिरवायला स्क्रूच नाही. तिथे बेंचवरच सगळं बरोबर यावं लागतं.

पैशांबद्दल: एडिप योजना (अशा साधनांसाठी केंद्र सरकारची मदत), अलिम्को (साधनं बनवणारी सरकारी कंपनी), मुंबईत हाजी अलीची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन, सैनिकांसाठी पुण्याचं आर्टिफिशियल लिम्ब सेंटर, हे पेशंटला माहीत नसतं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढलंय का तेही पहिल्याच भेटीत विचारा.

बेंच अलाइनमेंट: पेशंट यायच्या आधी टेबलावर

कास्ट आणि रेक्टिफिकेशन (साच्याला योग्य आकार देणं) हा वेगळा मोठा विषय, तो हात चालवूनच शिकायचा, इथे सोडते.

टेबलावर पाय जोडायच्या आधी एक वस्तू समोर हवी: पेशंटची रोजची चप्पल किंवा बूट. कास्टच्या दिवशीच सांगून ठेवा की पुढच्या वेळी दोन्ही पायांचं घेऊन या. टाचेची उंची म्हणजे टाचेखालची जाडी वजा पंजाखालची जाडी. सपाट स्लीपरमध्ये हे जवळजवळ शून्य येतं, बुटात एक-दीड सेंटिमीटर सहज. फूट कुठल्या हील हाइटसाठी बनलाय तेही बघा.

बीके: सॉकेटला साधारण ५ अंश फ्लेक्शन (पुढे कल), कॉन्ट्रॅक्चर असेल तर तेवढं अजून. त्यामुळे टेंडनवर भार घेता येतो आणि गुडघा मागे ढकलला जात नाही. ५ अंशांच्या आसपास ॲडक्शन (आत कल). मग गवंडी वापरतात तसा ओळंबा घ्या. बाजूने बघताना सॉकेटच्या मधून, टेंडनच्या पातळीवरून सोडलेला ओळंबा टाचेच्या थोडा पुढे यावा. नेमकं किती पुढे ते फुटप्रमाणे बदलतं, कंपनीच्या पत्रकात आकृती असते, ती बघा. मागून बघताना फूट त्या रेषेच्या साधारण एक सेंटिमीटर आत. पंजा ५ ते ७ अंश बाहेर वळलेला, पण पेशंटच्या दुसऱ्या पायाशी जुळवून.

एके: टीकेए लाइन, म्हणजे ट्रोकॅन्टर (मांडीच्या हाडाचा वरचा बाहेरचा उंचवटा), नी आणि अँकल यांची रेषा. नीचा मध्य या रेषेवर किंवा थोडा मागे असला की गुडघा टेकवताना स्थिर राहतो, पुढे आला की पेशंट खाली बसलाच म्हणून समजा. सुरुवातीला सुरक्षित बाजूला ठेवा. फोर-बारमध्ये कुठला पॉइंट धरायचा ते पत्रकात असतं. सॉकेटला ५ अंश फ्लेक्शन अधिक हिपचं कॉन्ट्रॅक्चर, नाहीतर पेशंट कंबर मागे मोडून चालतो आणि महिनाभरात पाठदुखी घेऊन येतो.

स्टॅटिक: उभं करा, पण आधी फिट

पॅरलल बारमध्ये. सॉकेट फिट नसेल तर अलाइनमेंट बघण्यात अर्थ नाही, कारण ढिल्या सॉकेटमधे स्टंप खाली बुडतो आणि तुम्हाला वाटतं पाय आखूड झाला. खालच्या टोकाला सॉकेट लागतोय का हे बघायला सोपी युक्ती: क्लेची बोराएवढी गोळी सॉकेटच्या तळाशी टाका, मोजा घालून पेशंटला उभं करा, काढून बघा. गोळी गोलच राहिली तर खाली पोकळी आहे. पूर्ण चपटी कागदासारखी झाली तर हाड तळाला आदळतंय. थोडी दबलेली हवी.

मग पेल्व्हिसवर (कमरेच्या हाडांवर) दोन्ही हात ठेवून उंची बघा. बीकेत दोन्ही बाजू सारख्या, एकेत कृत्रिम पाय एक सेंटिमीटरपर्यंत आखूड चालतो, उचलताना सोपं जातं. पेशंटला विचारा, "गुडघा पुढे ढकलल्यासारखा वाटतो की मागे?" पुढे म्हणाला तर फूट जास्त वर वळलाय किंवा मागे बसलाय किंवा सॉकेटचं फ्लेक्शन जास्त. मागे म्हणाला तर याच्या उलट.

दहा मिनिटं उभं करून सॉकेट काढा आणि कातडी बघा. लाली येणारच, कुठे आली ते महत्त्वाचं. टेंडनवर, फ्लेअरवर आली आणि दहा मिनिटांत गेली तर ठीक. फिब्युलाच्या डोक्यावर, नडगीच्या धारेवर आली किंवा तशीच राहिली तर सॉकेट दुरुस्त करा. सावळ्या कातडीवर लाली लवकर दिसत नाही, तिथे हाताच्या पाठीने गरमपणा बघा आणि दाबून विचारा.

डायनॅमिक: आता चालवा

तीन नियम. एका वेळी एकच बदल. बदलाच्या आधी पेनाने मार्क करा आणि वहीत लिहा. आणि बदलानंतर पेशंटला चार-पाच फेऱ्या मारू द्या, पहिल्या फेरीत त्याचं शरीर जुन्याच सवयीने चालत असतं. परवानगी घेऊन मोबाइलवर स्लो मोशन व्हिडिओ काढा, बाजूने आणि मागून.

पिरॅमिडमध्ये चार स्क्रू असतात. एक ढिला करायचा आणि समोरचा घट्ट करायचा. आता हे नीट समजून घ्या: सॉकेटखालचा पिरॅमिड एक अंश फिरवला आणि पाइप ४० सेंटिमीटरचा असेल तर फूट जवळजवळ ७ मिलिमीटर सरकतो. म्हणजे तुम्ही फक्त कोन बदलला असं वाटतं पण फूटची जागाही बदललेली असते. फूट तेवढा सरकवायचा आणि त्याचा कोन तसाच ठेवायचा असेल तर वर जेवढं फिरवलं तेवढंच खालच्या पिरॅमिडला उलट्या दिशेने फिरवायचं. हे टेबलावर रिकाम्या पायावर स्वतः करून बघा, ओळंबा लावून, मग पेशंटवर.

बीकेला बाजूने बघा. टाच टेकल्यावर गुडघा झपकन वाकतो, पेशंटला उतारावरून चालल्यासारखं वाटतं: टाच कडक असेल, फूट वर वळलेला असेल, फूट मागे असेल. उलट, गुडघा मागे दाबला जातो, प्रत्येक पाऊल चढ चढल्यासारखं: टाच फार मऊ, पंजा खाली झुकलेला, फूट पुढे. पाऊल संपताना एकदम पुढे पडल्यासारखं होत असेल तर पंजाचा आधार लवकर संपतोय, फूट पुढे घ्या.

मागून बघा. टाचांमधे ५ ते १० सेंटिमीटर अंतर बरं. पायावर भार आला की गुडघा बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि सॉकेटच्या वरच्या बाहेरच्या कडेला फट पडते: फूट जास्त आत गेलाय, किंवा सॉकेट बाजूंनी रुंद आहे. अगदी किंचित ढकल चालते, उलट हवीच, कारण त्यामुळे भार आतल्या फ्लेअरवर येतो आणि फिब्युलाचं डोकं सुटतं. पण पेशंट आतल्या बाजूला वर आणि बाहेरच्या बाजूला खाली दुखतं म्हणत असेल तर ती जास्त झाली.

एकेमध्ये एकच लक्षण पाच कारणांनी येतं, म्हणून घाई नको. पेशंट कृत्रिम पायाच्या बाजूला झुकतो: पाय आखूड आहे का, जांघेत टोचतंय म्हणून पळतोय का, बाहेरची भिंत मांडीला धरत नाही का, का ॲबडक्टर कमजोर आहेत? पाय गोल फिरवून आणतो किंवा दुसऱ्या पायाच्या चवड्यावर उचलला जातो: पाय लांब आहे, सस्पेन्शन घसरतंय, नी कडक आहे, किंवा गुडघा वाकवायची भीतीच वाटतेय. पाय उचलताना टाच आत फेकली जाते म्हणजे नी जास्त बाहेर वळलेला, बाहेर फेकली जाते म्हणजे आत वळलेला. मात्र आधी बघा की पेशंटने सॉकेटच तिरका घातला नाहीये ना. शेवटी गुडघा खटकन सरळ होतो तर नीचं फ्रिक्शन वाढवा.

एक उदाहरण सविस्तर सांगते कारण हे फार घडतं. भाजीचा गाळा चालवणाऱ्या एक मावशी, बीके, क्लिनिकमधे बूट घालून सुंदर चालल्या, सगळे खूश. पंधरा दिवसांनी आल्या तर गुडघ्याच्या मागे दुखतंय, पाय जड झाला म्हणतात. सॉकेट ठीक, मोजे ठीक. मग त्यांना विचारलं, "घरी बूट घालता का?" घरात कोण बूट घालतं! घरी अनवाणी, गाळ्यावर सपाट स्लीपर. टाचेखालची उंची गेली की पूर्ण पाइप मागे झुकतो आणि प्रत्येक पावलाला गुडघा मागे दाबला जातो. अनवाणी उभं करून ओळंबा लावला की लगेच दिसतं. त्यांना सपाट वापराचा फूट आणि त्याच्या हिशेबाने अलाइनमेंट दिली आणि दुखणं थांबलं. एकेत हाच फरक जास्त धोक्याचा: उंच टाचेचं काही घातलं तर नी पुढे येऊन पेशंट पडू शकतो, आणि अनवाणी गेला तर गुडघा वाकायलाच जोर लागतो. म्हणून सपाट जमिनीवर जमलं की उंबरा, जिना, रॅम्प, आणि जमल्यास बाहेरची खडबडीत जागा, सगळीकडे चालवून बघा.

सगळं जुळलं की स्क्रू एकेक करून काढून थ्रेड लॉक लावून पत्रकात दिलेल्या टॉर्कला टॉर्क रेंचने घट्ट करा. हाताच्या अंदाजावर नको, हा स्क्रू रस्त्यात ढिला झाला तर माणूस गाडीखाली जाईल.

घरी पाठवताना

पहिल्या दिवशी अर्धा-एक तास घालून काढायचं, कातडी बघायची, मग रोज थोडं वाढवायचं. खालचं टोक दिसत नाही म्हणून आरसा वापरायला शिकवा. मोज्यांचं गणित तोंडपाठ करून घ्या: संध्याकाळी सॉकेट ढिला वाटला, वाटी खाली गेल्यासारखी वाटली तर एक मोजा वाढवायचा. मोजे वाढवत वाढवत दहा-पंधरा प्लायच्या (मोज्याच्या जाडीचं माप) पुढे गेले की आता नवीन सॉकेट लागणार. स्टंप रोज रात्री धुऊन कोरडा करायचा, सकाळी धुऊन लगेच घालायचा नाही, ओल्या कातडीवर फोड येतात.

पहिलं फॉलोअप एका आठवड्यात ठेवा आणि तेव्हा उंची परत मोजा, स्टंप आटला असेल तर पाय आखूड झालेला दिसेल. स्टंपचं खालचं टोक काळपट-जांभळं, सुजलेलं, कडक दिसलं तर वरती आवळतंय आणि खाली आधार नाहीये, तिथे डिस्टल पॅड (तळाची मऊ गादी) द्या आणि वरची कड मोकळी करा, हे पुढच्या भेटीवर ढकलू नका. फोड आला, पू आला, ताप आला तर पाय घालायचा बंद आणि त्याच दिवशी फोन करायचा, हे पेशंटला आणि सोबतच्या माणसाला, दोघांनाही सांगा, आणि तुमच्या क्लिनिकचा नंबर त्यांच्या मोबाइलमधे तिथेच सेव्ह करून द्या.